कोष्टकातली आडवी रेघ

अष्टपाद प्राण्यांच्या गुणसूत्रांवरचा कुठलाही रिव्ह्यू पेपर उघडा. मध्ये कुठेतरी चार-पाच पानं खाणारं एक कोष्टक सापडेलच. पहिल्या रकान्यात जातीचं नाव, मग एकूण गुणसूत्रं किती, त्यांचा आकार कसा, आणि शेवटच्या रकान्यात लिंगगुणसूत्रांची व्यवस्था. कोळ्यांच्या ओळींत हा शेवटचा रकाना बहुतेक भरलेला असतो. विंचवांकडे आलात की तिथे एक आडवी रेघ असते. हार्वेस्टमनकडे आलात की रेघांचीच रांग.

ही पोस्ट त्या रेघेबद्दल आहे. तुमच्यापैकी बरेच जण पेट नाहीतर नेट देऊन आता सिनॉप्सिस लिहायच्या बेतात असाल. रिव्ह्यू वाचताना आपण भरलेले रकाने वाचतो, रेघेवरून नजर घसरते. पुढे कुणीतरी त्याच कोष्टकावरून उत्क्रांतीचं झाड काढतं आणि त्या झाडावर रेघेचं भाषांतर होतं ‘लिंगगुणसूत्रं नाहीत’. माझं म्हणणं असं, की या विषयातल्या बऱ्याच मोठ्या वाक्यांचा पाया भरलेल्या रकान्यांपेक्षा या रेघांवरच जास्त उभा आहे, आणि तो तपासल्याशिवाय त्यावर पाच वर्षं घालवू नयेत.

आधी प्राणी कुठला ते स्पष्ट करू, कारण नावाचा घोळ मोठा आहे. घराच्या कोपऱ्यात, छताला, विस्कटलेल्या जाळ्यात उलटा लटकणारा लांब पायांचा कोळी तुम्ही रोज बघता. इंटरनेटवर त्याला डॅडी लाँगलेग्ज म्हणतात. तो कोळीच आहे, फोल्सिडी कुळातला. हार्वेस्टमन वेगळा. त्याला रेशीम काढता येत नाही, विषग्रंथी नाहीत, आणि शरीराचे दोन भाग कमरेशी वेगळे दिसत नाहीत, सगळं मिळून एकच दाणा. सह्याद्रीत पावसाळ्यात ओल्या कातळाच्या खाचेत केसासारख्या पायांचा एक झुबका हलताना दिसला तर तो बहुधा हार्वेस्टमनचा. मराठीत त्याला सर्वमान्य नाव नाही, म्हणून मी इंग्रजी नावच वापरतोय. अमेरिकेत डॅडी लाँगलेग्ज म्हणजे बऱ्याचदा हाच, त्यामुळे पेपर शोधताना शास्त्रीय नावानेच शोधा.

आता कोळ्यांचा रकाना भरलेला का असतो? कारण कोळ्याची लिंगगुणसूत्रं स्वतःहून हात वर करतात. पद्धत साधी आहे. जेमतेम वयात येणाऱ्या नराचं वृषण काढायचं, हायपोटॉनिक द्रावणात पेशी फुगवायच्या, अल्कोहोल आणि ॲसेटिक आम्लात स्थिर करायच्या, स्लाइडवर पसरवायच्या, गीम्झाने रंगवायच्या. अर्धसूत्री विभाजनाच्या सुरुवातीला कोळ्याच्या नरात एक्स गुणसूत्रं बाकीच्यांपेक्षा गडद रंगतात, पेशीच्या कडेला सरकतात, आणि एकमेकांना समांतर चिकटून राहतात. त्यांच्यात कायाझ्मा, म्हणजे तुकड्यांच्या अदलाबदलीची ती फुली, होत नाही. साधा मायक्रोस्कोप पुरतो. म्हणूनच १९०५ मध्ये लुईस वॉलेस कोळ्याच्या शुक्राणूनिर्मितीवर लिहू शकल्या, आणि १९१४ मध्ये थिऑफिलस पेंटर यांनी अनेक कोळ्यांवर काम छापलं. हे पेंटर म्हणजे तेच, ज्यांनी १९२३ मध्ये माणसाची गुणसूत्रं ४८ असल्याचं छापलं. ती संख्या पुढे पाठ्यपुस्तकात बसली, आणि १९५६ मध्ये त्यिओ आणि लेव्हान यांनी ४६ दाखवेपर्यंत हलली नाही. कोळ्याच्या वृषणात पटाईत झालेला माणूस माणसाच्या वृषणात दोनने चुकला. हे त्यांना हिणवायला सांगत नाही. गर्दी असली आणि कुणी हात वर करत नसलं की चांगल्या नजरेचंही असं होतं. हार्वेस्टमनमध्ये नेमकी अशीच गर्दी आहे.

कोळ्यांची नेहमीची व्यवस्था ‘एक्स-एक एक्स-दोन शून्य’ अशी लिहितात. नरात दोन वेगवेगळी एक्स गुणसूत्रं, दोन्ही एकेकटी, वाय नाही. मादीत दोन्हींच्या जोड्या. युरोपातला आर्जिओपे ब्रुएनिची घ्या (याचे भाऊबंद आपल्याकडे शेताच्या बांधावर जाळ्यात पांढरी नागमोडी सही करून बसलेले असतात). नरात २४ गुणसूत्रं, मादीत २६. नराच्या पेशीत विभाजनावेळी दोन्ही एक्स एकाच टोकाला जातात, म्हणून अर्ध्या शुक्राणूंत १३ गुणसूत्रं आणि अर्ध्यांत ११. तेरावाल्यापासून मादी, अकरावाल्यापासून नर. २०२१ मध्ये या कोळ्याचा जिनोम १३ गुणसूत्रांच्या पातळीपर्यंत जोडला गेला, आणि २०२२ मध्ये त्यातली दोन एक्स कुठली तेही ओळखलं गेलं.

यात रस कुणाला, असं विचाराल. समूहाने राहणाऱ्या कोळ्यांत माद्या खूप जास्त आणि नर थोडे असतात. आपल्या दख्खनमध्ये काटेरी झुडपांवर मळकट जाळ्यांचे पुंजके करणारा स्टेगोडायफस सरासिनोरम हा अशाच सामाजिक कोळ्यांपैकी. माद्या जास्त जन्मतात की नर मधेच मरतात, हा प्रश्न प्रौढ कोळी मोजून सुटत नाही. पण भ्रूणाची गुणसूत्रं मोजली की नर-मादी अंड्यातच कळतात, कारण संख्येतच फरक आहे. १९९१ मध्ये लेटिशिया अविलेस आणि वेन मॅडिसन यांनी अनेलोसिमस कोळ्यांत हेच केलं. पुढे २०१८ मध्ये सरासिनोरमच्या आफ्रिकी नातलगात, स्टेगोडायफस डुमिकोलात, शुक्राणूंतल्या डीएनएचं प्रमाण मोजून असं दिसलं की नर मुळातच मादी करणारे शुक्राणू जास्त बनवतो. दोन एक्स जास्त म्हणजे डीएनए जास्त, म्हणून दोन प्रकारचे शुक्राणू यंत्राने वेगळे मोजता येतात. लिंगगुणसूत्रांची व्यवस्था नीट माहीत असणं ही नुसती वहीतली नोंद नाही, तिच्यावर पुढचे प्रयोग उभे राहतात.

आता कुरकुर सुरू करतो.

पहिली गोष्ट, ‘बहुतेकांत आहे म्हणून मूळचं आहे’ हा युक्तिवाद. तपासलेल्या कोळ्यांपैकी बहुसंख्यांत दोन एक्सवाली व्यवस्था आहे, म्हणून ती सगळ्या कोळ्यांची पूर्वज व्यवस्था, असं वाक्य जुन्या लेखनात सहज भेटतं. कोळ्यांच्या ज्ञात जातींची संख्या २०२२ मध्ये ५०,००० ओलांडून गेली. त्यातल्या ज्यांची गुणसूत्रं कुणीतरी पाहिली त्या ढोबळ दोन टक्के. आणि हे दोन टक्के सगळ्या झाडावर सारखे पसरलेले नाहीत. जिथे संशोधक आहेत तिथले, अंगणात सापडणारे, मोठे आणि सोपे कोळी त्यात जास्त. उडी मारणारे, लांडगा-कोळी, गोल जाळी विणणारे, असे सगळे झाडाच्या एकाच मोठ्या फांदीवरचे. गावातल्या एका वाड्यातली पन्नास माणसं मोजून गावाचं मूळ आडनाव ठरवण्यासारखं आहे हे.

त्या फांदीबाहेर गेलं की चित्र बदलतं. २००६ मध्ये प्रागच्या चार्ल्स विद्यापीठातल्या यिर्झी क्राल आणि सहकाऱ्यांनी तथाकथित हॅप्लोगायनी कोळी तपासले, तेव्हा अनेक कुळांत दोन एक्सबरोबर एक वायही दिसला. एवढासा वाय. पुढे २०२१ मध्ये फोल्सिडी कुळावरच्या मोठ्या कामातून असं सुचवलं गेलं की या मोठ्या गटाची मूळ व्यवस्था ‘एक्स-एक एक्स-दोन वाय’च असावी आणि वाय नंतर गळला असावा. म्हणजे बहुमत एकीकडे आणि मूळ दुसरीकडे. आता विचार करा, वाय ठिपक्याएवढा असेल आणि स्लाइड थोडी जाड पडली असेल, तर जुन्या नोंदीतल्या ‘शून्या’चा अर्थ काय घ्यायचा? प्रत्येक शून्य चुकीचं असेल असं मी म्हणत नाही. पण ते शून्य म्हणजे पाहून लिहिलेलं शून्य की न दिसल्यामुळे लिहिलेलं, हे मूळ पेपरातला फोटो बघितल्याशिवाय कळत नाही. कोष्टकात दोन्ही सारखीच दिसतात.

आपल्याकडचं काम याच चाळणीतून वाचा. १९५० आणि ६०च्या दशकांत चंडीगडच्या पंजाब विद्यापीठात जी. पी. शर्मा, ओ. पी. मित्तल आदींनी भारतीय कोळ्यांच्या गुणसूत्रांवर मालिकाच छापली. साधनं तुटपुंजी असताना केलेलं काम आहे, आणि जागतिक कोष्टकांत भारतीय ओळी दिसतात त्यात त्यांचा वाटा मोठा. ते वापरताना मात्र तीन गोष्टी तपासा: जातीचं नाव आज तेच आहे का, नमुना कुठे जपून ठेवल्याचा उल्लेख आहे का, आणि निष्कर्ष विभाजनाच्या कुठल्या टप्प्यावरून काढलाय. हेच तीन प्रश्न युरोपातल्या जुन्या कामालाही विचारा, तिथे ते जरा कमी विचारले जातात.

दुसरी गोष्ट जास्त रंजक आहे आणि ती क्राल यांच्याच २००७च्या पेपरात आहे. माझ्या मते या विषयातला सगळ्यात महत्त्वाचा पेपर हाच, आणि म्हणूनच त्याला घासून बघायला हवं. त्यांनी माल्थोनिका या एका प्रजातीतल्या तीन जाती घेतल्या. (जीवशास्त्राच्या मराठीत प्रजाती म्हणजे जीनस आणि जाती म्हणजे स्पीशीज, वर्तमानपत्रांनी हे उलटंपालटं केलंय. शिवाय या तिन्ही जाती आता टेजेनेरिया नावाखाली गेल्या आहेत, म्हणून दोन्ही नावांनी शोधा.) एकीत दोन एक्स, दुसरीत तीन एक्स, आणि तिसरीत, फेरुजिनियात, चक्क पाच एक्स आणि एक वाय. मग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पाहिलं तर पहिल्या दोन जातींत एक्स गुणसूत्रांच्या टोकांना आणखी एक जोडी चिकटलेली. त्या जोडीतली दोन्ही गुणसूत्रं दिसायला सारखी. साध्या मायक्रोस्कोपखाली ती इतर जोड्यांत मिसळून जाते, कुणाला संशयही येणार नाही. पण विभाजनावेळी तिची ऊठबस एक्स गुणसूत्रांबरोबर.

क्राल यांनी यावरून मांडलं ते असं: ही सारखी दिसणारी जोडी हीच कोळ्यांची मूळ लिंगगुणसूत्रं. मानवात एक्स आणि वाय डोळ्याला वेगळे दिसतात, इथे अजून ते तसे झालेले नाहीत. आणि अनेक एक्स आले ते या जोडीतूनच, नॉन-डिसजंक्शनमुळे, म्हणजे विभाजनावेळी जी गुणसूत्रं दोन टोकांना जायला हवीत ती एकाच टोकाला गेल्यामुळे. जादा प्रत उरली, हळूहळू वेगळी झाली, आणि स्वतंत्र एक्स म्हणून नांदू लागली.

पेपर वाचताना माझी एक सवय आहे, तुम्हीही लावून घ्या. पेन्सिलने दोन खुणा करायच्या. ‘पाहिलं’ यासाठी एक, ‘म्हणून असं असावं’ यासाठी दुसरी. या पेपरात पहिली खूण कुठे येते? दोन जातींत एक सारखी जोडी एक्सना चिकटते, आणि तिसरीचा तो अवाढव्य संच हीच जोडी आणि एक साधं गुणसूत्र यांच्या जोडतोडीतून आला असं रचनेवरून दिसतं. दुसरी खूण: सगळ्या कोळ्यांत ही जोडी आहे, ती प्राचीन आहे, आणि एक्स तिच्या प्रती आहेत. पहिल्या खुणेपासून दुसरीपर्यंतचं अंतर बघा. एका प्रजातीपासून ५०,००० जातींपर्यंत. लेखकाने इतरांची इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची जुनी चित्रं नव्याने वाचून हे अंतर कमी केलंय, आणि भाषा ‘सुचवतो’ अशीच ठेवलीय, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवं. गडबड त्यांच्यानंतरच्यांची. ‘असं सुचवलं आहे’चं दहा वर्षांत ‘असं आहे’ होतं, कारण उद्धृत करणारा फक्त सारांश वाचतो.

या कल्पनेची परीक्षा कशी घ्यायची? साधं उत्तर: एक्स-दोन ही एक्स-एकची किंवा त्या जोडीची जुनी प्रत असेल, तर त्यांच्यावर एकाच कुटुंबातली जनुकं सापडतील. जिनोम आता आहेत, शोधा आणि संपवा. इथेच सिनॉप्सिसमध्ये बरेच जण फसतील अशी जागा आहे. २०१७ मध्ये घरगुती कोळी पॅरास्टिएटोडा टेपिडारिओरमच्या जिनोमवरून दाखवलं गेलं की कोळी आणि विंचू यांच्या सामाईक पूर्वजात सगळा जिनोमच एकदा दुप्पट झाला होता. मग कुठल्याही गुणसूत्रावरच्या बऱ्याच जनुकांची जुळी भावंडं दुसऱ्या कुठल्यातरी गुणसूत्रावर असणारच. एक्स-एक आणि एक्स-दोनवर जुळी जनुकं सापडली, तर ती एक्सची प्रत निघाली म्हणून, की त्या जुन्या दुप्पटीतून उरली म्हणून? दोन्ही गोष्टींचं भाकीत एकच आहे. जो पुरावा दोन्ही पक्षांना सारखा चालतो तो निकाल लावू शकत नाही. मला तर असंही वाटतं, आणि हे निव्वळ माझं अनुमान समजा, की दुप्पट झालेल्या त्या जिनोममध्ये लिंगगुणसूत्रांची जोडीही दुप्पट झाली असणार, आणि अनेक एक्सची गोष्ट तिथूनच सुरू झाली नसेल कशावरून?

आणि इथे हार्वेस्टमन कामाला येतो. २०२१ मध्ये फॅलॅन्जियम ओपिलिओ या हार्वेस्टमनचा जिनोम छापून आला. त्या पेपराची प्रसिद्धी पायांमुळे झाली, काही जनुकं बंद करून लांब पाय आखूड करून दाखवले म्हणून. आपल्या दृष्टीने त्यातली मोलाची ओळ वेगळीच आहे: हार्वेस्टमनमध्ये ती दुप्पट झालेली नाही. हॉक्स जनुकांचा संच एकच, कोळी-विंचवांसारखे दोन नाहीत. म्हणजे दुप्पट होण्याआधीचं कोरं माप आपल्या हातात आहे. कोळ्याच्या एक्स-एक आणि एक्स-दोनवरचे तुकडे हार्वेस्टमनच्या एकाच गुणसूत्राशी जुळतात का? जुळत असतील तर पुढचा प्रश्न विंचवाला विचारा, कारण दुप्पट त्याच्यातही झालीय. विंचवातही त्या दोन प्रती वेगवेगळ्या, एक कोळ्याच्या एक्स-एकच्या जवळची आणि दुसरी एक्स-दोनच्या जवळची अशा असतील, तर प्रत दुप्पटीची. विंचवातल्या दोन्ही प्रतींना कोळ्यातले दोन एक्स सारखेच दूर किंवा दोन्ही मिळून एकीच्याच जवळचे असतील, तर प्रत नंतरची, आणि क्राल यांचं पारडं जड. तीन प्राणी लागतात, आणि तिसऱ्याशिवाय हिशोब होत नाही.

पण त्या तिसऱ्याच्या रकान्यात रेघ आहे, हे विसरू नका.

हार्वेस्टमनच्या ज्ञात जाती साडेसहा हजारांवर, गुणसूत्रं पाहिलेल्या पुन्हा दोन टक्क्यांच्या आसपासच. या थोडक्या कामाचा मोठा भाग जपानमध्ये नोबुओ त्सुरुसाकी यांचा. २००७ मध्ये हार्वर्ड युनिव्हर्सिटी प्रेसने काढलेल्या हार्वेस्टमनवरच्या जाडजूड ग्रंथात गुणसूत्रांचं प्रकरण त्यांनीच लिहिलंय, लायब्ररीत मिळालं तर आधी ते वाचा. ते वाचून कळतं की इथे रेघ आळसामुळे आलेली नाही. गुणसूत्रं लहान. एक्स गडद रंगून कडेला जात नाही. मोजक्या जातींत एक्स-वाय जोडी वेगळी ओळखू आलीय, बाकीच्यांत सगळ्या जोड्या सारख्याच दिसतात. बरं, संख्येवरून तरी नर-मादी वेगळे काढावेत, तर काही जातींत बी-गुणसूत्रं निघतात, म्हणजे असली तरी चालतं आणि नसली तरी चालतं अशी जादा गुणसूत्रं. जपानमधल्या मेटागॅग्रेला टेन्युइपेसमध्ये त्यांची संख्या गावागणिक बदलते. समजा तुम्ही एक नर आणि एक मादी तपासली आणि दोन गुणसूत्रांचा फरक आला. तो लिंगाचा की बीचा? एका जोडप्यावरून सांगताच येणार नाही. लिओबुनम प्रजातीत तर आणखी वेगळाच पेच: काही जातींच्या माद्या नराशिवायही प्रजनन करतात, आणि काही भागांत नर शोधून सापडत नाहीत. तिथे नराचं वृषण आणणार कुठून?

म्हणजे एकाच रेघेखाली किमान चार वेगळ्या गोष्टी दडल्यात. कुणी पाहिलंच नाही. पाहिलं, पण फक्त नर किंवा फक्त मादी. दोन्ही पाहिले, पण फरक डोळ्याला दिसण्याएवढा नाही. आणि चौथी, खरोखर लिंगगुणसूत्रं नाहीतच, लिंग दुसऱ्याच कशाने ठरतं. ही चौथी शक्यता अष्टपादांत हवेतली नाही. नाशिकच्या द्राक्षबागेत पानं तांबूस करणारी लाल कोळी, म्हणजे टेट्रानिकस माइट, बघा. तिच्यात नर बिनफलित अंड्यातून येतो, गुणसूत्रांचा एकच संच घेऊन, अवघी तीन. तिथे लिंगगुणसूत्रांचा रकाना रिकामा असणं हे निरीक्षण आहे. हार्वेस्टमनच्या रिकाम्या रकान्याला तोच दर्जा कसा देणार?

विंचवांची रेघ आणखी तिसऱ्याच जातीची. कोकणातला लाल विंचू, हॉटेनटोटा टॅम्युलस, ज्याच्या दंशावरच्या उपचारामुळे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांचं नाव जगभर गेलं, तो ब्युथिडी कुळातला. या कुळातली गुणसूत्रं होलोकायनेटिक असतात. आपण शाळेत काढतो तसा एकच गुणसूत्रबिंदू त्यांना नसतो, धागे लांबीभर चिकटू शकतात. त्यामुळे गुणसूत्र तुटलं तरी दोन्ही तुकडे पुढच्या पेशीत पोचतात, आणि तुकड्यांची देवघेव झाली की विभाजनावेळी जोड्यांऐवजी लांब साखळ्या दिसतात. नरात कायाझ्माही नाही. आता आकारावरून, हातांच्या लांबीवरून लिंगगुणसूत्र ओळखायची आपली सगळी शिकवण इथे निरुपयोगी. ‘विंचवात लिंगगुणसूत्रं ओळखता आलेली नाहीत’ हे वाक्य बरोबर आहे. ‘विंचवात लिंगगुणसूत्रं नाहीत’ हे वाक्य त्याच पुराव्यावर उभं राहत नाही. तुम्ही कुठलं वाचताय ते शब्द मोजून बघा.

एवढं झोडपल्यावर चांगल्या कामाचं उदाहरण द्यायला हवं. मॅडिसन आणि लेडूक-रॉबर्ट यांचा हॅब्रोनॅटस या अमेरिकी उड्या मारणाऱ्या कोळ्यांवरचा २०१३चा पेपर. त्यांनी जगभरातून एकेक जात गोळा केली नाही. एकाच प्रजातीतल्या जाती भरपूर घेतल्या, त्यांचं नात्याचं झाड वेगळ्या पुराव्यावर बांधलं, आणि मग त्यावर गुणसूत्रं ठेवली. साधं गुणसूत्र एक्सला जोडलं जाऊन नवा वाय तयार होणं या एका प्रजातीत स्वतंत्रपणे आठ ते पंधरा वेळा घडलंय असं निघालं. आणि ‘आठ ते पंधरा’ असा पल्ला दिलाय, एक गोंडस आकडा नाही, हे मला फार आवडलं. शिवाय कायाझ्मा गुणसूत्रावर कुठे होतो याच्याशी संबंध जोडून बघितला. तो संबंध म्हणजे कारण झालं का, यावर मी त्यांच्याइतका खात्रीने बोलणार नाही, पण प्रश्न मोजता येईल असा बनवलाय हे नक्की. दाट आणि अरुंद नमुना विरळ आणि रुंद नमुन्यापेक्षा जास्त सांगतो, निदान या विषयात.

शेवटचा मुद्दा नव्या तंत्राचा, कारण ‘आता सिक्वेन्सिंग आहे ना’ असं कुणीतरी म्हणणारच. नर आणि मादी दोघांचा डीएनए वाचायचा. एक्स नरात एकच प्रत, म्हणून तिथली वाचनं निम्मी पडतात. या युक्तीने एक्स झटकन सापडतात, स्लाइडवर दिसोत न दिसोत. छान. पण क्राल यांची ती सारखी दिसणारी जोडी आठवा. तिच्या दोन्ही प्रती नरातही आहेत, मादीतही आहेत, आणि एकमेकींपासून फारशा वेगळ्या झालेल्या नाहीत. वाचनांची संख्या दोघांत सारखीच येणार. म्हणजे एखाद्या जिनोम पेपरात फक्त दोन एक्स सापडले, तर त्याने ती जोडी खोटी ठरत नाही, ती या चाळणीतून दिसणारच नव्हती. नव्या कोष्टकात तिथे पुन्हा रेघ येईल, फक्त या वेळी ती महागड्या यंत्राने काढलेली असेल. तिला पकडायचं तर एका मादीची बरीच पिल्लं वाढवून, कुठला तुकडा फक्त मुलग्यांकडे जातो हे पाहावं लागेल, किंवा बरेच नर आणि बऱ्याच माद्या घेऊन, सगळ्या नरांत सारखा आणि माद्यांत नसलेला फरक शोधावा लागेल. एक नर आणि एक मादी यांच्या बजेटमध्ये हे होत नाही.

तेव्हा सिनॉप्सिसमध्ये ‘सह्याद्रीतल्या अमुक इतक्या हार्वेस्टमन जातींची गुणसूत्रं’ असं लिहिण्याआधी कमिटीत तुम्हाला विचारायला हवा असा प्रश्न आत्ताच स्वतःला विचारून ठेवा: वीस जातींचे तीन-तीन नमुने, की दोन जातींचे तीस-तीस? पहिल्यात पेपर जास्त निघतील आणि नकाशा छान दिसेल. दुसऱ्यात पावसाळ्याचे चार महिने एकाच घाटात जातील, नर-मादी वेगळे ठेवून पिल्लं जगवावी लागतील, पहिल्या वर्षी बहुतेक मरतील, आणि प्रगती अहवालात लिहायला फारसं काही नसेल. पण रेघेच्या जागी काय लिहायचं हे कळण्याची शक्यता दुसऱ्यातच आहे. आणि पहिला मार्ग घेतलात तरी निदान कोष्टकात एक रकाना वाढवा: किती नर, किती माद्या, विभाजनाचा कुठला टप्पा पाहिला. छपाईला अर्धा सेंटीमीटर जागा लागते.